पहिला प्रश्न

कर्जतहून खोपोलीला निघालेली लोकल पहिल्यांदा थांबते ती पळसदरीला. पुण्याची वाट इथून घाटाला लागते आणि खोपोलीची वाट डोंगराच्या पायथ्याने पुढे जाते. पावसाळ्यात धबधब्यांसाठी आणि एरवी स्वामी समर्थांच्या मठासाठी माणसं या स्टेशनावर उतरतात. मला मात्र पळसदरी हे नाव पहिल्यांदा भेटलं ते मुंबईत, एका छापील फॉर्मवर पत्ता लिहून घेताना.

मी तेव्हा मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयात एचआयव्ही समुपदेशक होते. एका सकाळी तिशीतला एक माणूस समोर येऊन बसला. रात्रपाळी उरकून तसाच आलेला, डोळे तांबारलेले. पत्ता म्हणून त्याने स्टेशनाचं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं नाही. मी सहज म्हटलं, 'एवढ्या लांब कशाला आलात? तपासणी तुमच्याकडेही होते.' तो म्हणाला, 'तिकडे सगळे ओळखीचे, मॅडम.' मी मान हलवली आणि पुढच्या रकान्याकडे वळले.

'लग्न झालंय?'

'हो.'

'बाहेर कुठल्या बाईशी संबंध आलाय?'

तो टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, 'बाईशी नाही.'

मी रकान्यात 'नाही' लिहिलं आणि त्याला रक्त द्यायला पाठवलं. दुपारी रिपोर्ट तयार झाला. तो न्यायला माणूस आला नाही. संध्याकाळी रजिस्टर पुरं करताना 'बाईशी' या शब्दापाशी माझा हात थांबला. झोप मोडून, दोन तासांचा प्रवास करून आलेल्या माणसाने आपल्या आयुष्यातली सर्वांत अवघड गोष्ट मला सांगितली होती. मी ती ऐकलीच नव्हती. माझा प्रश्नच असा होता की खऱ्या उत्तराला त्यात जागा नव्हती.

तुमच्या हातातली ही पुस्तिका त्या रकान्यापासून सुरू होते.

पुढे बऱ्याच वर्षांनी, याच पळसदरीत, आम्ही आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी समलिंगी आणि पारलिंगी रुग्णांविषयी दोन दिवसांचं निवासी प्रशिक्षण घेतलं. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या आशाताई, एएनएम, परिचारिका, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, दोन तरुण डॉक्टर आणि केसपेपरच्या खिडकीवर बसणारे एक दादा, अशी मंडळी जमली होती. शिकवायला मुंबई-पुण्याहून चौघं आली होती : एक समलिंगी पुरुष, एक समलिंगी स्त्री, एक पारलिंगी (ट्रान्सजेंडर) ताई आणि एका समलिंगी मुलाची आई. जुलैचा पाऊस पत्र्यावर असा वाजत होता की बोलणाऱ्याला मध्येच थांबून सर ओसरायची वाट बघावी लागे.

पहिल्या तासाला प्रत्येकाला कोरी चिठ्ठी दिली. समलिंगी किंवा तृतीयपंथी माणूस म्हटल्यावर मनात येणारा पहिला शब्द लिहायचा, आपलं नाव लिहायचं नाही. चिठ्ठ्या गोळा झाल्या आणि पारलिंगी ताईंनी त्या एकेक करून मोठ्याने वाचल्या. टाळी. रेल्वे. भीती. बायल्या. आशीर्वाद. एड्स. पाप. छक्का. एकही चिठ्ठी त्यांनी वगळली नाही. सभागृहात कोणी मान वर करेना. ताईंनी चिठ्ठ्यांची गड्डी नीट लावली, टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, 'यात ताप कुणीच लिहिला नाही. मला ताप येतो तेव्हा मी कुठे जाऊ?'

मी आजवर ऐकलेल्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा हा प्रश्न मोठा होता. पुढचे दोन दिवस आम्ही त्याचंच उत्तर शोधत होतो.

दुपारी एका वाडीवरच्या आशाताई बोलल्या. सकाळपासून त्या गप्पच होत्या. म्हणाल्या, 'कुणाला टीबी झाला, कुणाच्या पोरीची पाळी चुकली, कुणाचा नवरा पिऊन मारतो, वाडीतलं सगळं मला ठाऊक असतं. घरच्यांनाही मी सांगत नाही. मग हे गुपित ठेवायला मला कुणी वेगळं शिकवायला कशाला पाहिजे? फक्त माणसाशी बोलायचं कसं ते सांगा.' त्यानंतर केसपेपरवाले दादा उठले. त्यांचा सूर तक्रारीचा होता, पण अडचण खरी होती. 'माझ्यासमोर साठ माणसांची रांग असते. नाव पुकारावं लागतं. छापील कागदावर पुरुष आणि स्त्री एवढंच आहे. समोर साडी नेसलेलं माणूस आणि आधार कार्डावर पुरुषाचं नाव, तर मी काय करू?'

त्यांच्या प्रश्नावर आम्ही पूर्ण दोन तास घालवले. उत्तरं सभागृहातूनच आली. रांगेत नावाऐवजी केसपेपरचा नंबर पुकारायचा. कार्डावरचं नाव कागदावर लिहावं लागलं, तरी 'तुम्हाला काय म्हणून हाक मारू?' हे हळू आवाजात विचारायचं आणि ते नाव पेन्सिलीने बाजूला लिहून ठेवायचं, म्हणजे आतल्या सिस्टर आणि डॉक्टर त्याच नावाने बोलावतील. आजाराचं कारण खिडकीवर विचारायचंच नाही. ते आत, दार लावून. दादांनी ही यादी आपल्या वळणदार अक्षरात वहीत उतरवून घेतली. या पुस्तिकेचं पहिलं परिशिष्ट म्हणजे जवळजवळ त्यांचं ते पान आहे.

'संवेदनशीलता' या शब्दाने आपल्याकडे बराच घोटाळा होतो. मराठीत तो हळवेपणाच्या शेजारी जाऊन बसला आहे. संवेदनशील माणूस म्हणजे ज्याच्या डोळ्यांत पटकन पाणी येतं तो. मग दवाखान्यातला कर्मचारी विचारतो, 'मला एवढं वाटत नाही, तर मी काय करू?' मला त्यांना सांगायचं आहे की वाटण्याची वाट बघत बसू नका. शीर सापडणं जसं सरावाने येतं, तान्ह्या बाळाचं वजन घेताना हात जसा आपोआप काट्याखाली जातो, तशी ही कामाची सवय आहे. प्रश्न कोणत्या शब्दांत विचारायचा, दार कधी लावायचं, कागदावर काय लिहायचं आणि काय लिहायचं नाही, हे शिकता येतं. मनातली अढी जायला वेळ लागेल. ती जाईपर्यंतही समोरच्या माणसाला नीट उपचार मिळाले पाहिजेत, आणि अनुभव असा की आधी हात बदलतात, मन मागाहून येतं.

या विषयावर मराठीत बोलायला आपण आजच लागलो आहोत असंही समजू नये. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. १९५३ साली त्यांच्या मृत्यूपर्यंत ते चालू होतं. वाचक त्यांना पत्रं पाठवून आपल्या शरीराविषयीचे प्रश्न विचारत आणि ते छापून उत्तरं देत. १९३४ साली त्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला उभा राहिला. ती उत्तरं हस्तमैथुनाविषयीच्या आणि समलिंगी संबंधांविषयीच्या प्रश्नांची होती. मुंबई उच्च न्यायालयात कर्व्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोकांना प्रश्न पडतात, ते विचारतात, आणि जाणकाराने त्यांची उत्तरं देणं यात अश्लील काही नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. हॅवलॉक एलिस या लैंगिकशास्त्रज्ञाच्या संशोधनाचा आधार त्यांनी न्यायाधीशांपुढे ठेवला. कर्वे खटला हरले, त्यांना दंड झाला. पण त्या खटल्याचे कागद एक गोष्ट स्वच्छ सांगतात : नव्वद वर्षांपूर्वी मराठी माणूस हा प्रश्न विचारत होता आणि उत्तर देणारं कोणीतरी शोधत होता.

आजही तो शोधतोच आहे. कर्जत लोकलच्या डब्यात दाराशेजारच्या पत्र्यावर बघा. 'गुप्तरोग', 'शर्तिया इलाज' असले स्टिकर एकावर एक चिकटवलेले असतात. सरकारी दवाखान्यात ज्याला पहिला प्रश्न नीट विचारला जात नाही, तो हा स्टिकरवरचा नंबर फिरवतो. समलिंगी असणं 'बरं करून देतो' म्हणणाऱ्यांचा धंदा त्यावरच चालतो. कोणी गोळ्या देतो, कोणी शॉक, कोणी अंगातली बाधा काढतो. भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला मारणं-डांबणं हा आपल्या राज्यात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मूल 'असं' निघालं म्हणून त्याला मांत्रिकाकडे नेऊन बडवलं, तरी तो गुन्हाच. आशाताईंना हे ठाऊक असलं पाहिजे, कारण घरातली अशी खबर सगळ्यांत आधी त्यांच्या कानावर येते.

वैद्यकशास्त्राचं म्हणणं सरळ आहे. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी तेच केलं. पारलिंगी असण्यालाही तिने आपल्या नव्या, २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात मनोविकारांच्या प्रकरणातून बाहेर काढलं. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने समलैंगिकता हा आजार नाही हे २०१८ साली जाहीरपणे सांगितलं. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाने राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं की समलिंगी माणसाला 'बदलण्याचे' उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन आहे. या आदेशामागे मद्रास उच्च न्यायालयातला एक खटला होता. घरच्यांच्या धाकाने पळालेल्या दोन तरुणींनी संरक्षण मागितलं, तेव्हा न्या. आनंद व्यंकटेश यांनी निकाल देण्याआधी या विषयातल्या तज्ज्ञाकडून स्वतः समजून घेतलं, आपल्या मनातले पूर्वग्रह उघडपणे मान्य केले आणि ७ जून २०२१ रोजी आदेश दिला. पोलीस, न्यायाधीश, डॉक्टर, शिक्षक या सगळ्यांना प्रशिक्षण द्यावं असं त्यात सांगितलं आहे. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश विद्यार्थी म्हणून बसू शकतो, तर आपल्याला बसायला हरकत कसली?

तरीही शिकलेलं टिकतंच असं नाही. २०२४ च्या ऑगस्टअखेर त्याच वैद्यक आयोगाने न्यायवैद्यकाचा जो नवा अभ्यासक्रम काढला, त्यात समलिंगी संबंध पुन्हा अनैसर्गिक गुन्ह्यांच्या यादीत येऊन बसले होते. देशभरातून टीका झाली आणि सप्टेंबरमध्ये आयोगाला तो मागे घ्यावा लागला. एकदा पुसलेलं वाक्य असं परत उमटतं, म्हणून हे प्रशिक्षण एकदाच घेऊन भागत नाही.

कायद्याची वाटही अशीच पुढे-मागे होत आली. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारं १८६० च्या दंडसंहितेतलं ३७७ वं कलम दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. शेवटी ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने एकमताने हे संबंध गुन्ह्यातून मुक्त केले. न्या. इंदू मल्होत्रा यांनी त्या निकालात लिहिलं की या माणसांची आणि त्यांच्या कुटुंबीयांची इतिहासाने माफी मागायला हवी. त्याआधी १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयातल्या नालसा खटल्यात आपलं लिंग आपण ठरवण्याचा पारलिंगी व्यक्तींचा हक्क मान्य झाला होता. लक्ष्मी नारायण त्रिपाठी आणि गौरी सावंत या महाराष्ट्रातल्या कार्यकर्त्या त्या लढाईत होत्या. त्याच न्यायालयाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालाने समलिंगी विवाहाला मान्यता मात्र नाकारली. म्हणजे वीस वर्षं एका घरात राहिलेला जोडीदार अतिदक्षता विभागाच्या दारात उभा राहिला, तर कागदावर तो आजही 'कोणी नाही' असतो. ही अडचण रुग्णालयातच उभी राहते. म्हणून जोडीदाराला आत कसं घ्यायचं, रुग्ण शुद्धीवर असतानाच त्याच्या पसंतीचं माणूस कोण ते केसपेपरवर कसं नोंदवून ठेवायचं, यावर पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण आहे.

न्यायालयांच्या आधी आणि सोबत माणसं काम करत होती. मुंबईत अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक सुरू केलं आणि १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला. १९९५ मध्ये समलिंगी स्त्रियांचा 'स्त्री संगम' हा गट जमला, तोच पुढे लेबिया झाला. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट काढला आणि या विषयावर सोप्या मराठीत पुस्तकं लिहिली. गावाकडच्या कितीतरी वाचकांना आपल्यासाठी शब्द सापडला तो त्या पुस्तकांत. सांगलीत संग्राम ही संस्था आणि वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांची व्हॅम्प ही संघटना यांच्याच बळावर पुरुष आणि पारलिंगी व्यक्तींचा 'मुस्कान' हा गट तयार झाला. चित्रा पालेकर यांच्यासारखे पालक आपल्या मुलांच्या बाजूने थेट सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २०१७ मध्ये त्यांनी 'स्वीकार' हा पालकांचा गट उभा केला. मराठी रंगभूमीवर तर विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्येच आलं होतं. या सगळ्याचा उजेड मोठ्या शहरांत आणि काही जिल्ह्यांत पडला. कर्जत मुंबईच्या लोकलवर असूनही त्याच्या कडेला राहिलं. इथला माणूस उजेडाकडे जातो तो गाडीत बसून, आणि शेवटच्या गाडीने अंधारात परत येतो.

आता शब्दांविषयी. आपल्या बोलीत या माणसांसाठी जे शब्द आहेत, त्यांतले बहुतेक मारायला उचललेल्या दगडासारखे आहेत. ते चिठ्ठ्यांवर आलेच. पुस्तिकेत आम्ही समलिंगी, उभयलैंगिक, पारलिंगी आणि आंतरलिंगी हे शब्द वापरले आहेत. 'उभयलिंगी' टाळला, कारण शरीराने दोन्ही लिंगांची लक्षणं असलेला आणि दोघांकडेही ओढा असलेला, अशा दोन अगदी वेगळ्या अर्थांनी तो वापरला जातो आणि गोंधळ उडतो. 'तृतीयपंथी' हा शब्द सरकारी कागदांत रुळला आहे, काहींना तो आपला वाटतो, काहींना 'पंथ' या शब्दावर आक्षेप आहे. 'हिजडा' हा शब्द बाहेरच्याने फेकला तर शिवी होतो आणि घराण्यात दीक्षा घेतलेल्या व्यक्तीने स्वतःसाठी वापरला तर अभिमान. म्हणून नियम एकच ठेवला आहे : समोरचं माणूस स्वतःला जे म्हणतं, तेच आपण म्हणायचं. कोणी स्वतःला काहीच म्हणत नसेल, तर आपण नाव चिकटवायचं नाही. बायकोमुलं असलेला, अधूनमधून पुरुषाशी संबंध येणारा माणूस स्वतःला समलिंगी समजतही नसेल. त्याला ओळख नको असते, तपासणी हवी असते.

आरोग्याची गोष्ट निघाली की सगळ्यांच्या डोक्यात एचआयव्ही येतो. तो महत्त्वाचा आहेच. कावीळ ब, गरमी आणि इतर लैंगिक संसर्गही आहेत, आणि २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने संमतीशिवाय चाचणी करायला व निकाल दुसऱ्याला सांगायला बंदी घातली आहे. पण हे माणूस फक्त कमरेखाली आजारी पडत नाही. झोप न लागणं, दारू, जिवाचं बरंवाईट करून घेण्याचे विचार हे त्याच्या बाबतीत पुष्कळदा घरच्या धाकातून आणि सततच्या लपवाछपवीतून आलेले असतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात लैंगिक कलावरून भेदभाव न होता उपचार मिळण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत लिहिला आहे. मधुमेह आणि क्षयरोग तर कोणालाच सोडत नाहीत, पण औषध सुरू ठेवायला माणूस दवाखान्यात पुन्हा यावा लागतो, आणि एकदा हसू झालेलं माणूस परत येत नाही.

एक उदाहरण आशाताईंच्या पिशवीतलंच देते. माला-एन. पाळणा लांबवायला आपण जी गोळी वाटतो, तीच शरीर बाईसारखं व्हावं म्हणून काही पारलिंगी स्त्रिया डॉक्टरला न विचारता घेतात, कधी दिवसाला तीन-चार. या गोळीतल्या संप्रेरकाने शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, तंबाखू-सिगारेट असेल तर आणखी. पोटरी सुजली, दुखली, एकाएकी धाप लागली, तर थांबायचं नसतं. हे तिला सांगायला कोणी विशेषज्ञ लागत नाही. मात्र 'गोळी कशाला हवी तुला?' असं हसून विचारलं, तर ती गोळी दुसरीकडून आणेल आणि सूज आपल्याला कधीच दाखवणार नाही. पारलिंगी पुरुषाची अडचण उलट बाजूची. मिशी असलेलं माणूस पाळीच्या तक्रारीसाठी स्त्रीरोग विभागाच्या बाकावर बसूच शकत नाही. त्याला वेळ बांधून देऊन बाजूच्या खोलीत तपासणं एवढं आपण करू शकतो. जन्मतः लिंग स्पष्ट नसलेलं बाळ सुईणीच्या आणि एएनएमच्या हातात येतं तेव्हा घाईने 'मुलगा', 'मुलगी' जाहीर न करणं, बाळाला लघवी होते का, उलट्या होतात का हे बघून बालरोगतज्ज्ञाकडे पाठवणं आणि आईला धीर देणं, हे तिसरं.

आणि एक जखम आहे जी आपण उपचार समजून करतो. 'लग्न लावून द्या, सुधारेल.' गावात हा सल्ला आत्या देते, सरपंच देतो, कधीकधी दवाखान्यातही दिला जातो. त्यातून दोन आयुष्यं अडकतात. एक त्याचं आणि एक तिचं, जिला काहीच सांगितलेलं नसतं. मूल होत नाही म्हणून बोलणी खायची तीही तिनेच. समलिंगी मुलीवर तर हे लग्न बळजबरी होऊनच येतं. आपण या माणसांच्या बाजूचे आहोत म्हणताना त्या बायकोचीही बाजू घ्यायला हवी. तिची तपासणी, तिची संमती आणि तिचं दुःख यांवर म्हणूनच वेगळं प्रकरण लिहिलं आहे. निदान आपल्या तोंडून तो सल्ला पुन्हा जाऊ नये, एवढी शपथ पळसदरीत आम्ही सगळ्यांनी घेतली.

पुस्तिकेचा दुसरा भाग हक्कांच्या पाठपुराव्याचा आहे. २०१९ च्या पारलिंगी व्यक्ती कायद्यानुसार ओळखीचं प्रमाणपत्र जिल्हाधिकारी देतात. आपले जिल्हाधिकारी अलिबागला. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर भरता येतो, आणि मूळ कायद्यानुसार प्रतिज्ञापत्रावर प्रमाणपत्र मिळत होतं. वैद्यकीय तपासणीची अट त्याला नव्हती. कचेरीत जाताना नियम दाखवून सांगणारं माणूस सोबत हवं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्यात जुन्या ३७७ ची जागा घेणारं काही नाही. त्यामुळे प्रौढ पुरुषावर बलात्कार झाला तर नेमकं कलमच सापडत नाही. कायदा दुरुस्त होईल तेव्हा होईल. जखम शिवणं, संसर्ग टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करणं आणि 'पुरुषावर कसला अत्याचार?' असं न म्हणणं हे आजच आपल्या हातात आहे.

कर्जतमध्ये राहणाऱ्याला बँकर इंजिन समजावून सांगावं लागत नाही. पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते, तिला मागून इंजिनं जोडतात, आणि पळसदरीपासून घाटमाथ्यापर्यंत ती मागून रेटा देतात. वाट ठरवणारा चालक पुढच्या इंजिनात असतो. चढ संपला की मागची इंजिनं सुटून परत येतात, दुसऱ्या गाडीला लागतात. ज्यांचा लढा आहे त्यांच्या मागे आरोग्य कर्मचाऱ्याने असं उभं राहावं. त्यांच्या वतीने भाषण करू नये, चढावर मात्र हात काढून घेऊ नये.

पुस्तिका कशी वापरायची ते थोडक्यात सांगते. पहिली पाच प्रकरणं कोणीही एकट्याने वाचावीत. त्यापुढचे सराव चार-सहा जणांनी मिळून करावेत, आणि शक्य असेल तिथे समलिंगी किंवा पारलिंगी व्यक्तीला शिकवायला बोलवावं, तिचं मानधन आणि गाडीभाडं देऊन. तिला पाहुणी म्हणून हार घालून परत पाठवू नका. चिठ्ठ्या तिच्याच हातात द्या. ज्यांच्या गोष्टी यात आल्या आहेत त्यांची नावं, गावं आणि ओळख पटेल असे तपशील आम्ही बदलले आहेत किंवा काढले आहेत. आपली गोष्ट देणाऱ्या त्या सगळ्यांची, त्या चार शिक्षकांची आणि भर पावसात वाड्या उतरून आलेल्या आशाताईंची मी ऋणी आहे.

शेवटच्या पानावर एक रकाना छापला आहे. त्यावर प्रश्न असा आहे : 'तुमचे संबंध कोणाशी येतात? पुरुषांशी, स्त्रियांशी, पारलिंगी व्यक्तींशी, की कोणाशीच नाही?' तो आरशासमोर उभं राहून मोठ्याने म्हणून बघा. पहिल्यांदा जीभ अडखळेल. दहाव्यांदा तो 'ताप कधीपासून आहे?' इतका साधा निघेल. मग तो विचारा, विवाहितालाही आणि म्हाताऱ्यालाही, सगळ्यांना सारखाच, म्हणजे कोणाला आपल्यालाच का विचारलं असं वाटणार नाही. आणि विचारल्यावर पेन खाली ठेवून उत्तर पूर्ण ऐका. मी तेव्हा पेन खाली ठेवलं असतं, तर तो माणूस रिपोर्ट न्यायला आला असता.

पळसदरी, ता. कर्जत, जि. रायगड
१७ मे २०२५